उमाळकरांचा लांबलचक नंबर

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. उमाळकर गेले की आहेत हे मला ठाऊक नाही, आणि मी मुद्दाम चौकशीही केलेली नाही. आहेत असं धरून चालते, म्हणजे मला मोकळं बोलता येईल.

केशवराव उमाळकर आमच्या कचेरीत हेडक्लार्क होते. कचेरी आकडेवारीची, सरकारी. वऱ्हाडात दरसाल कापूस किती, ज्वारी किती पिकली याचा अंदाज काढायचं काम. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेतं निवडायची, शेतात दोरी नि खुंट्यांनी एक तुकडा आखायचा, त्या तुकड्यातलं पीक आपल्या डोळ्यांदेखत काढून तोलायचं आणि वजन फॉर्मवर लिहून कचेरीत धाडायचं. कचेरीत ते आकडे माझ्या टेबलावर येत. माझ्या हुद्द्याचं नाव होतं ‘कॉम्प्युटर’. हसू नका. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे हाडामांसाचा माणूस असे, मूठ फिरवायच्या मशीनवर बेरजा-गुणाकार करणारा. वडील अमरावतीत शाळेत गणित शिकवायचे, ते गेले, माझं लग्न काही जमलं नाही, घरात आई. तेव्हा मी मूठ फिरवत बसले.

उमाळकरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते अमरावतीच्या कचेरीत, पन्नासचं दशक सरत आलं तेव्हा. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. व्हरांड्यात आधी किल्ल्या वाजायच्या, मग उमाळकर दिसायचे. माझी नेमणुकीची चिठ्ठी त्यांनी हातात घेतली, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तिच्यावर लाल शाईनं दोन ओळींचा नंबर घातला. मग ब्लॉटिंग दाबलं, फुंकर मारली आणि म्हणाले, “आता तुम्ही रुजू झालात.”

त्यांच्याआधी कचेरीत कागदाला साधा नंबर असायचा. एकशे सात, एकशे आठ. उमाळकरांना ते सहन होईना. “एकशे सात म्हणजे कोणाचा एकशे सात? त्याचा बाप कोण, आजा कोण? कागदालाही कूळ असतं, बाई.” मग त्यांनी कुळासकट नंबर काढला. आधी जिल्हा, मग तहसील, मग सर्कल, वर्ष, पीक, गाव, आणि सगळ्यांच्या मागे बिचाऱ्या शेताचा नंबर नि तुकड्याचा आकडा. मी एकदा म्हटलं, शेताचा नंबर पुढे घेऊ या, तोच तर कामाचा आहे. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “पंगतीत आधी कोणाला वाढतात? मोठ्यांना की पोरासोरांना?” झालं. पंगतीचा कायदा आकडेवारीला लागू झाला.

जिल्ह्याची, तहसिलीची तीन-तीन अक्षरं त्यांना चालत. गावाचं नाव मात्र इंग्रजीत पूर्ण लिहायचं, बुद्रुक-खुर्दासकट, मध्ये जागा सोडून. “गावाचं नाव तोडू नये. गावात देव असतो,” म्हणायचे. गावाबद्दल एवढं प्रेम असलेला माणूस गावात कधी पाऊल टाकत नसे. त्यांचं आवडतं वाक्य एकच, दिवसातून चारदा तरी ऐकवायचे, “नंबर वाचला की कागद उघडायचं काम नाही.” आणि खरंच उघडत नसत. फॉर्म आला की नंबर घालायचा, गठ्ठ्यात बांधायचा, गठ्ठा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली कमरेला. आत काय लिहिलंय याची त्यांना काडीची पर्वा नव्हती. कामचुकार म्हणावं तर सकाळी दहाच्या ठोक्याला हजर आणि संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी बाहेर. दिवसभर घाम गाळून हा माणूस काहीही करत नसे.

हे खूळ कचेरीपुरतं असतं तर ठीक होतं. एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्यांच्या घरी गेले. स्वैपाकघरात डब्याडब्यावर चिठ्ठ्या. तिखटाच्या बरणीवर ‘स्वैपाकघर, पूर्व भिंत, वरची फळी, डावीकडून तिसरी, तिखट’. पाचव्या डब्याची चिठ्ठी तर डब्याला अख्खा वेढा घालून स्वतःवरच चिकटलेली, डब्यात काय आहे ते नेमकं खाली दडपलेलं. मी काकूंकडे पाहिलं. काकू तिळगूळ देत म्हणाल्या, “काय सांगू बाई, गेल्या आठवड्यात चहात मीठ पडलं. मी तसाच दिला.” “मग?” “पिऊन गेले. डब्यावरचा पत्ता बरोबर होता ना!” काकू खदखदून हसल्या. त्या घरात हसणारं एकच माणूस होतं.

शेतावर उमाळकर एकदाच गेले, पातूरकडे. कचेरीच्या साहेबांनी मला पाठवलं होतं, फॉर्म कुठं जन्माला येतो ते पाहून ये म्हणून, आणि बाईमाणूस एकटं कसं पाठवायचं म्हणून बरोबर उमाळकर. तिथं आमची वाट पाहत उभा होता शेषराव धोटे. तेल्हाऱ्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा, मॅट्रिक, घराण्यातला पहिला नोकरदार. दोरी, खुंट्या नि तराजू सायकलला बांधून गावोगाव हिंडायचं आणि तुकडे आखून पीक तोलायचं हे त्याचं काम. ते तो असं करायचा की पाहत राहावं. दोरी ताणताना बोंडाला धक्का नाही, तुकड्याच्या रेघेवर आलेलं झाड आत की बाहेर यावर शेतकऱ्याशी पाच मिनिटं वाद घालेल, पण एक बोंड इकडचं तिकडे करणार नाही.

उमाळकर बैलांच्या दमणीतून उतरलेच नाहीत. वर छत्री उघडून बसले. शेतकरी पुढे येऊन हात जोडून उभा राहिला, तर वरूनच विचारतात, “नंबर काय तुझा?”

“माया नंबर?” तो माणूस गोंधळला. “म्या काय कोंडवाड्यातला बैल हावो का जी?”

शेषराव मध्ये पडला. “साहेब, नाव सांगतो ना मी याचं.”

“नाव नको. नंबर.”

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी त्या दिवशी दमणीवरून पाहिलं. परतताना तहान लागली म्हणून काय ते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दहा पावलं चालले, तर मोज्यांत कुसळं भरली. बोंबलायला लागले. शेषराव खाली बसला आणि त्यांचा पाय मांडीवर घेऊन एकेक कुसळ काढत राहिला. मला लाज वाटली. उमाळकरांना वाटली नाही. ते वर बसून नंबर लिहीत होते.

साठच्या जरा पुढेमागे माझी बदली अकोल्याला झाली. आईला घेऊन आले, बिऱ्हाड लावलं, म्हटलं सुटले. महिन्याभरात व्हरांड्यात किल्ल्या वाजल्या. उमाळकरही अकोल्यालाच! माझं नशीबच खोटं, दुसरं काय. शेषरावचीही बदली झाली होती, त्याच्या स्वतःच्या मुलखात, तेल्हाऱ्याच्या सर्कलला.

त्याच सुमारास वरच्या कचेरीनं कळवलं की आता हिशेब मोठ्या मशीनवर होणार. फॉर्मवरचा मजकूर जाड कागदाच्या कार्डावर भोकं पाडून उतरवायचा. कार्डं वर पाठवायची. तिथलं मशीन ती भोकं वाचून लावणी करणार, बेरजा करणार, यादी छापून देणार. भोकं पाडायचं मशीन माझ्यापुढे आलं. कार्डावर ऐंशी घरं, एका घरात एक अक्षर किंवा एक आकडा. त्यातली नंबरासाठी बत्तीस घरं ठेवायची हे उमाळकरांनीच सर्क्युलर काढून ठरवलं. ठरवताना त्यांनी अमरावतीचा एक जुना नंबर पाहिला असणार, कुठल्या तरी आखूड नावाच्या गावाचा.

आठ दिवस सुरळीत चाललं. नवव्या दिवशी तेल्हाऱ्याचा गठ्ठा आला. पहिलाच फॉर्म पिंपळगाव बुद्रुकचा. मी भोकं पाडत गेले, जिल्हा, तहसील, सर्कल, वर्ष, पीक, मग ते लांबलचक गाव, आणि शेताचा नंबर अर्धा झाला तोच बत्तीस घरं संपली. दोन आकडे उरले ते उरलेच. मी फॉर्म घेऊन उमाळकरांकडे गेले.

“नंबर मावत नाही.”

“किती मावत नाही?”

“दोन आकडे. पुढच्या गावाचे तीन.”

“मग बसेल तेवढा मारा.”

“पण शेताचा नंबर तुटतो.”

“बाई,” ते म्हणाले, “सर्क्युलर गेलं आहे. बत्तीस म्हणजे बत्तीस. बसेल तेवढा मारा नि पुढे चला.”

मी चालले पुढे. लेखी द्या म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. ही माझी अक्कल. गणिताच्या मास्तरची पोरगी मी, मला तिथंच कळायला हवं होतं की पिंपळगाव बुद्रुकचं एकेचाळीस नंबरचं शेत आणि सत्तेचाळीस नंबरचं शेत, दोन्हींचा मागचा आकडा गळाला की दोन्ही नुसते चार उरतात. मला तेव्हा तुटलेलं शेपूट दिसलं, पण दोन जनावरं एकसारखी झाली हे दिसलं नाही.

मशीनला मात्र दिसलं. तीन महिन्यांनी वरून यादी आली, सोबत कडक पत्र. तेल्हारा सर्कलच्या सात गावांत एकाच शेताचे दोन-दोन निकाल आहेत आणि वजनं वेगवेगळी आहेत. एकाच तुकड्यातून एकदा एवढा कापूस नि एकदा तेवढा निघेल कसा? संबंधित माणसानं घरी बसून आकडे भरले आहेत. पंधरा दिवसांत शेषराव निलंबित झाला. निलंबनाच्या हुकमावर उमाळकरांचा सुंदर नंबर होता, अडीच ओळींचा.

तो कचेरीत आला तेव्हा त्याचं तोंड पाहवत नव्हतं. चोरी केलेला माणूस भांडतो तरी. हा नुसता गोंधळलेला. “साहेब, माये फारम काढून पाहा ना जी. दोन शेतं हायेत थे. एक या धुऱ्याले, एक नाल्यापलीकडं. म्या सोता तोललं दोन्हीकडं.”

उमाळकर म्हणाले, “नंबर एकच आहे.”

“नंबर असन एक. फारम तर दोन हायेत ना?”

“नंबर एक असेल तर फॉर्म पाहायचं कारण नाही.” आणि त्याच्या अर्जावर त्यांनी लाल शाईनं तेच लिहिलं. कपाट त्यांच्या मागे सहा पावलांवर होतं.

मला यादी पाहायला मिळाली ती महिन्याभरानं. सातही गावांची नावं एकाखाली एक वाचली आणि पुन्हा वरपासून वाचली. सगळीच्या सगळी लांब. बुद्रुक, खुर्द, एक तर बुद्रुक असून वर आणखी देवाचं नाव लावलेलं. त्याच सर्कलमधल्या आखूड नावाच्या गावांत एकही घोळ नव्हता. मी कागदावर घरं पाडली आणि मोजली. पंधरा अक्षरांपर्यंतचं गाव सुखरूप. सोळावं आलं की मागचा आकडा गेला. मोर्शीच्या, पातूरच्या माणसांनी हेच काम अगदी असंच केलं होतं. त्यांची गावं आखूड, म्हणून ते प्रामाणिक ठरले.

तो कागद मी आधी उमाळकरांपुढेच ठेवला. एवढी मी भोळी. वाटलं, चूक कळली की माणूस दुरुस्त करेल. त्यांनी कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. मग हळू आवाजात म्हणाले, “कार्डं कोणी मारली?”

“मी.”

“अपुरा नंबर कोणी मारला?”

“मी. पण तुम्ही म्हणालात म्हणून.”

“मी तोंडी काही म्हटलं असल्यास मला स्मरत नाही.” कागदाची घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली. “घरी आई आहे तुमची. दुसरं कोणी मिळवतं नाही. सांभाळून असा.”

आणि मी सांभाळून राहिले. खोटं कशाला बोलू? एक महिना मी गप्प बसले. जाताना देवळात जायची, येताना देवळात जायची, आणि कचेरीत गप्प बसायची. उमाळकरांना मी आयुष्यभर तुच्छ लेखलं, पण त्या एका महिन्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

त्याच महिन्यात पातूरचे एक गृहस्थ आले. धोतर, फेटा, हातात काठी, डोळ्यांत झोप नाही. शेषरावचं त्यांच्या मुलीशी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं, उन्हाळ्यात लग्न ठरलेलं. शेषरावनं ते मला आधीच सांगितलं होतं, मान खाली घालून, कानापर्यंत लाल होत. पोरगी सातवी शिकलेली, पत्र लिहायची त्याला. ते गृहस्थ उमाळकरांसमोर उभे राहिले. बसा म्हणालं नाही कोणी.

“साहेब, धोटे माया जावई व्हणार हाये. गावात लोक काहीबाही बोलून राहिले. तुमी मोठे मानूस. मले एकच सांगा, पोट्टं चोर हाये का?”

उमाळकरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. “प्रकरण चौकशीधीन आहे.”

“म्हंजे कायजी?”

“चौकशी चालू आहे.”

“थे समजलं. हाव का नाई, तेवढं सांगा. माया पोरीचा सवाल हाये.”

“चौकशीधीन आहे,” उमाळकर पुन्हा म्हणाले.

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. पलीकडच्या टेबलावर मी जुन्या मशीनची मूठ फिरवत होते. मशीनचा आवाज चालू होता, मी तो थांबवला नाही. ते पायऱ्या उतरून गेले आणि आठ दिवसांत साक्षगंध मोडल्याचं कळलं.

सुनावणीला बाहेरून साहेब आले. बुटके, दम्याचे, बोलताना थांबायचे. दुपारी तीनला उमाळकरांच्याच खोलीत बसले. शेषराव धुतलेला सदरा घालून भिंतीला टेकून उभा. त्याच्या तोंडावरचं तेज पार गेलं होतं. आधी उमाळकरांना विचारलं. ह्या माणसाला एक वाक्य बोलायचं होतं, ‘नंबर घरांत मावला नाही’. बस, एवढंच. ते उभे राहिले, कोट ओढला आणि म्हणाले, “नंबर एक, वजनं दोन. कागदोपत्री तसं दिसतं खरं.”

शेषराव त्यांच्याकडे नुसतं पाहत राहिला. ज्या माणसाचे पाय मांडीवर घेऊन कुसळं काढली त्याच्याकडे.

मग मला विचारलं, कार्डं फॉर्मबरहुकूम आहेत ना? मी हो म्हणेन असं सगळ्यांनी धरलं होतं. साहेबांनी तर लिहायलाही सुरुवात केली होती.

“नाहीत,” मी म्हटलं.

एकदा तोंड उघडल्यावर मला आवरलं नाही. बत्तीस घरं, लांब गावं, तुटलेले आकडे, सगळं सांगितलं. बसेल तेवढा मारा हेही सांगितलं.

“लेखी आहे?” साहेबांनी विचारलं.

“नाही. माझी नोकरी घ्या हवी तर. पण आधी ते कपाट उघडा आणि पिंपळगाव बुद्रुकचे दोन्ही फॉर्म काढा.”

उमाळकर म्हणाले, “साहेब, नंबर वाचल्यावर फॉर्म...”

“उघडा,” साहेब म्हणाले.

तेव्हा जी गंमत झाली ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. ज्या किल्ल्या हा माणूस इतकी वर्षं कमरेला मिरवत होता त्यांतली एकदा भरून बंद केलेल्या या कपाटाची कुठली हे त्याला आठवेना. ही लावली, ती लावली. घाम फुटला. शेवटी एक लागली, तर दार अडकलं. शेषराव पुढे झाला, दाराला खालून गुडघ्यानं नेमका धक्का दिला आणि दार उघडलं. स्वतःच्या निर्दोषपणाचं दार त्यानं स्वतःच उघडलं, कारण हेडक्लार्काला ते येत नव्हतं.

फॉर्म दोन निघाले. एकेचाळीस नंबरचं शेत, शेतकऱ्याची सही. सत्तेचाळीस नंबरचं शेत, दुसऱ्या शेतकऱ्याचा अंगठा. दोन तारखा, दोन साक्षीदार. सातही गावांचं तसंच. साहेबांनी एकेक कागद स्वतः वाचला. अर्ध्या तासाचं काम होतं. त्याला चार महिने लागले होते.

उमाळकर खोकले. “हेच तर मी केव्हापासून म्हणतोय,” ते म्हणाले.

खरंच म्हणाले. भिंतीनं ऐकलं, शेषरावनं ऐकलं, मी ऐकलं. चोराच्या उलट्या बोंबा तरी बऱ्या, चोराला निदान भीती असते. या माणसाला आपण खोटं बोलतोय हेसुद्धा वाटत नव्हतं.

शेषरावला कामावर परत घेतल्याचा हुकूम निघाला. मला ताकीद मिळाली, तोंडी. ती मी शिरसावंद्य मानली. उमाळकरांना काही झालं नाही. उलट महिन्याभरात त्यांनी नवं सर्क्युलर काढलं. गावाच्या नावाऐवजी प्रत्येक गावाला तीन आकडी नंबर द्यावा. ही सूचना मी त्यांच्यापुढे ठेवलेल्या त्या कागदाच्या तळाशीच लिहिली होती. वरून त्यांना शाबासकीचं पत्र आलं, ते त्यांनी काच बसवून भिंतीला लावलं. गावातला देव तेव्हा कुठं गेला होता देव जाणे.

शेषराव रुजू झाला त्या दिवशी उमाळकरांनी पेढे वाटले. स्वतःच्या खर्चानं हं! टेबलाटेबलाला फिरून. “सत्याचा विजय झाला हो, धोटे.” शेषरावनं पेढा घेतला आणि खाल्ला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते पलीकडे गेल्यावर मी म्हटलं, “काहून खाल्लास रे तू? त्याच्या तोंडावर फेकायचा होता.”

“पेढा काय त्यानं केला व्हता, ताई?” तो म्हणाला. “हलवायानं केला.”

हसला तो. पण नंतर बराच वेळ खिडकीपाशी उभा होता. पातूरची पोरगी तोवर मूर्तिजापूरकडे दिली गेली होती. तिची पत्रं त्यानं परत पाठवली की जाळली, मी विचारलं नाही. पुढे स्थळं आली, त्यानं ऐकून घेतलं नाही. काम मात्र तसंच करायचा, रेघेवरच्या झाडासाठी तसाच वाद घालायचा. दर हंगामात माझ्या आईसाठी तेल्हाऱ्याहून भरपूर हुरडा आणायचा. उमाळकरांचं नाव त्याच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

उमाळकर वेळेवर निवृत्त झाले, हार घालून, फोटो काढून. माझ्यावर भाषण करायची पाळी आली तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मला ते अकोल्याच्या एसटी स्टँडवर भेटले. मी बाकावर बसले होते, ते आपणहून येऊन शेजारी टेकले. टोपी तीच. किल्ल्या नव्हत्या. अमरावतीला मुलाकडे निघाले होते. काकू गेल्याचं सांगितलं. मला वाईट वाटलं, काकूंसाठी. मग इकडचं तिकडचं झालं, आणि काय झालं कोण जाणे, मला राहवलं नाही.

“एक विचारू? तुम्हाला ते कधी कळलं? नंबर तुटतो म्हणून शेतं एक होतात ते?”

“ते?” त्यांनी आठवल्यासारखं केलं. “ते लगेच कळलं हो. तुम्ही फॉर्म घेऊन आलात ना, त्याच दिवशी. तुम्ही गेल्यावर मी घरं मोजली.”

“मग बोलला का नाहीत?”

“सर्क्युलर गेलं होतं ना,” ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात. समजावल्यासारखे. “गेलेलं सर्क्युलर मागे घेतलं तर हेडक्लार्काची काय राहते, बाई?”

मी त्यांच्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर ओशाळेपणाची रेघ नाही. म्हातारपणानं गाल बसले होते, तेवढाच बदल.

“धोटे बरा आहे ना?” त्यांनी विचारलं.

“बरा आहे.”

“मुलंबाळं?”

“लग्न केलं नाही त्यानं.”

“अरेरे,” उमाळकर म्हणाले. खरोखर वाईट वाटलं त्यांना, चुकचुकले. “वेळेवर उरकून टाकायला हवं होतं. वय निघून गेलं की मग कठीण.”

मी उठून उभी राहिले.

“तुमची गाडी लागली,” मी म्हटलं. “त्या टोकाला. लवकर जा, सुटेल.”

गाडी लागली नव्हती. ते पिशवी सावरत, धोतरात अडखळत लगबगीनं गेले. त्या टोकाला कोणी नव्हतं. ते तिथं उभे राहिले, वळून माझ्याकडे पाहिलं आणि मी ओळख दिली नाही.